थांबामावशींची दोन मिनिटं

माझ्या नाकावर राग असतो, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, तू रिटायर झालीस तेव्हा ऑफिसातल्या खुर्च्यांनीसुद्धा हुश्श केलं असेल. म्हणू दे. माझ्या रागाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. झाला तो एकदाच, थांबामावशींच्या बाबतीत, आणि तो अजून जात नाही.

पाण्याच्या तक्रारी फोनवर घेण्याचं आमचं ऑफिस. वीस टेबलं, वीस कॉम्प्युटर आणि तीन पाळ्या. एक उठला की त्याच खुर्चीत दुसरा बसायचा. कीबोर्ड तोच, माऊस तोच, कानाला लावायचा हेडफोनही तोच. कुणी नखं खाणारा, कुणी डोळे चोळणारा, एक महाशय तर शिंक आली की हात आडवा धरायचे आणि त्याच हाताने टाईप करायचे. मी सुपरवायझर, सगळ्यांवर खेकसायला.

दोन पाळ्यांच्या मधे पंधरा मिनिटं मिळायची. तेवढ्यात मावशी सगळी मशीनं पुसायच्या. आधी त्या एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सफाईला होत्या. कीबोर्ड उलटा करून थोपटायच्या. फडक्याची चौपदरी घडी घालायच्या आणि प्रत्येक मशीनला घडीची नवी बाजू लावायच्या. जंतू मारायचं औषध नेहमी फडक्यावर, मशीनवर कधीच नाही. पाच टेबलं ओली केली की हाताची घडी घालून चक्क उभ्या राहायच्या. कुणी बसायला आलं की म्हणायच्या, "थांबा, अजून ओलं आहे." म्हणून त्या थांबामावशी.

एकदा मोठे साहेब पाहणीला आले. फोन वाजतायत, दुसऱ्या पाळीचे लोक ताटकळतायत आणि मावशी मधोमध पहारेकऱ्यासारख्या उभ्या! साहेबांनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. ते गेल्यावर मी मावशींवर तुटून पडले.

"उभं राहायचा पगार मिळतो का तुम्हाला?"

"मॅडम, ओलं असतं तोवरच औषध काम करतं. आमच्या सिस्टर सांगायच्या, दोन मिनिटं तरी..."

"हे ऑफिस आहे मावशी, ऑपरेशन थिएटर नाही. पुसायचं आणि कोरडं करायचं. मला अक्कल शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उभ्या. माझं डोकं फिरलं. मी कंत्राटदाराला लिहून दिलं: कामात दिरंगाई करतात, सांगितलेलं ऐकत नाहीत. त्याने आठवड्याच्या आत त्यांना काढलं. जाताना त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "माझं काय चुकतं ते एकदा करून दाखवा ना मॅडम. मी तसं करीन." मी फाईलमधून मान वर केली नाही.

मग आल्या दोन चटपटीत मुली. एकच फडकं विसाच्या वीस मशीनांवरून सपासप फिरवायच्या. पाच मिनिटांत काम खलास. मी खूश.

महिन्याभरात शिंकणाऱ्या महाशयांचे डोळे आले. मग त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीचे. बघता बघता अकरा जणांचे आले आणि अखेर माझेही. डॉक्टरांनी विचारलं, "सगळे एकाच मशीनवर बसता का? ती पुसता कशी?" मी दुसऱ्या दिवशी लालभडक डोळ्यांनी औषधाची बाटली नाकाशी धरली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. इतकी वर्षं ती बाटली माझ्याच कपाटात होती. लिहिलं होतं: दोन मिनिटं ओलं राहू द्यावं. थोबाडीत बसल्यासारखं झालं मला.

आणि मी काय केलं? मुलींना नवी पद्धत शिकवली, जणू माझीच. कंत्राटदाराला फोन करून "मावशींना परत बोलवा, चूक माझी होती" एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मिळालं असेल त्यांना कुठेतरी काम, म्हणून स्वतःची समजूत घातली. लाज वाटायला हवी होती.

गेल्या महिन्यात रक्त तपासायला एका लॅबमध्ये गेले. दारातच एक स्क्रीन होता, येणाऱ्या प्रत्येक पेशंटने बोटाने आपला नंबर दाबायचा. तो पुसत होत्या मावशी. केस पिकले होते, पण पाठ तशीच ताठ. ओलं फडकं फिरवलं आणि लगेच कोरडं. दुसरा हात मारेपर्यंत काच लख्ख.

त्यांनी मला ओळखलं. "मॅडम, बऱ्या आहात ना?" तोंडावर रागाचा लवलेश नाही. मी तिथेच त्यांचा हात धरला.

"मावशी, तुमचंच बरोबर होतं. बाटलीवरसुद्धा तसंच लिहिलंय. मी फार वाईट वागले."

"असू द्या हो. तुम्ही शिकलेली माणसं. घरी बसल्यावर मीच विचार केला, आपलंच खूळ असणार. आता बघा, एका झटक्यात कोरडं करते. दोन वर्षांत एक तक्रार नाही."

"अहो, पण तसं करू नका! पूर्वीसारखं ओलं राहू द्या."

त्यांनी पटकन काउंटरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नको मॅडम. सहा महिने काम नव्हतं मला. लेकीच्या दारात पडून होते. पुन्हा कुणी लिहून दिलं तर?"

मी काउंटरवर जाऊन सांगते म्हटलं, तर त्यांनी माझा हात घट्ट दाबला. "पाया पडते, काही बोलू नका."

मागे एक म्हातारे गृहस्थ रुमालात खोकत उभे होते. मावशी बाजूला सरकल्या आणि हसून म्हणाल्या, "या बाबा, झालं कोरडं." बाबांनी रुमाल खिशात घातला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.