सपातेवरचा क्रूस

हे पोप गादीवर बसले तेव्हापासून त्यांच्या लाल मखमली सपातांवर जरीचा क्रूस भरायची ती आमची शेजारीण ऑर्तेन्सिया. अख्खं रोम त्या क्रूसाला ओठ टेकायचं. एकवीस वर्षांत तिचे डोळे गेले आणि कामही सुटलं. शेवटी मीच तिला हाताला धरून पोपसमोर नेलं. गुडघे टेकून तिनं सपातेला ओठ लावले आणि तिचा चेहरा उजळला.

"पवित्र बाबा, हे टाके माझ्या हातचे!"

"सरक म्हातारे, रांग खोळंबलीय," शिपाई खेकसला. पोपनी मुकाट हात उचलून आशीर्वाद दिला.

परत येताना मी म्हटलं, "अगं, आशीर्वाद तरी मिळाला."

"कधी? आंधळीला हात दाखवला होय! तोंड उघडायला काय धाड भरली होती मेल्याला?"