इड्वल चिमट्याचा पेला

इड्वल चिमटा उत्तरेला विकला गेला, ही बातमी मंगळवारी दुपारी फुटली आणि दिवेलागणीपर्यंत तिला नवं घर, मोटार आणि लोकरी कोटही मिळाला. बातमी खोटी होती. खरं एवढंच, की उत्तरेतल्या यॉर्कशरच्या नंबराची एक मोटार त्याच्या दारात तासभर उभी होती.

चिमटा हे आडनाव नव्हे. गावात दीडशे वर्षं पत्र्याची गिरणी आहे. तिथं लालबुंद पत्रे चिमट्यानं उचलून पायानं दुमडायचं काम इड्वल पंधराव्या वर्षापासून करतो. शुक्रवारची पाळी संपवून शनिवारी वेल्सकडून रग्बी खेळायला जायचं, असं चारदा झालं. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, उजवा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, वय एकतीस. पाचव्यांदा निवड झाली तर तीच शेवटची. यादी शनिवारी लागायची होती.

उत्तरेकडचे क्लब पैसे देऊन खेळवतात. त्यांच्याशी नुसती बोलणी केली तरी आमच्याकडे जन्माची बंदी. म्हणून कोणी विचारत नाही; विचारणं म्हणजे आरोप. त्याऐवजी सगळे क्लबात खिळ्यांवर टांगलेल्या खेळाडूंच्या पेल्यांकडे बघतात. उत्तरेला गेलेल्याचा पेला उतरवून त्याच्या आईच्या हाती देतात, मयताच्या सामानासारखा.

बुधवारी गिरणीत इड्वल आला की सगळ्यांचं बोलणं थांबायचं. नकला करायची माझी खोड गावाला ठाऊक; मंगळवारी चिप्सच्या रांगेत त्या मोटारवाल्याचा आवाज काढून इड्वलला सही करायला सांगणारी मीच होते. पाहुण्यानं मला फक्त रस्ता विचारला होता. पुढचं माझ्या पदरचं. रांग हसली होती, पण मागचे दोघे हसले नव्हते; त्यांना ते खरंच वाटलं.

गुरुवारी वडिलांना बोलवायला क्लबात गेले, तर बेडो टपाल स्टुलावर चढलेला. गावचा पोस्टमन आणि क्लबचा चिटणीस तोच. हात इड्वलच्या पेल्यापर्यंत नेला, मग खाली घेतला. इड्वलच्या बोलण्यांबद्दल निवड समितीला लिहिलेलं पत्र उद्याच्या टपालानं जाईल, तोवर पेला राहू दे, म्हणाला.

मी धावत इड्वलच्या परसात गेले. तो कबुतरांच्या खुराड्यात होता.

"काका, तो मोटारवाला कशाला आला होता?"

त्यानं हातातली मादी उलटी करून पायातली नाव-पत्त्याची कडी दाखवली. "ही वादळात भरकटली, त्याच्या छपरावर उतरली. बिचाऱ्यानं आणून दिली. चहा पिऊन गेला."

"मग सांगत का नाही कुणाला?"

"विचारलंय कुणी? तूच पहिली."

आता उशीर झाला, नाव काही लागत नाही, असं मी म्हणाले. रडूच येत होतं.

"लाव पैज," तो म्हणाला. "लागलं, तर महिनाभर खुराडं तू खरवडायचंस. आणि इथं असताना तोंडातून दुसऱ्या कुणाचा आवाज नाही."

तिथून थेट बेडोचं दार. सगळं ओकले. त्याचा विश्वास बसेना. पोरगी चिमट्याला वाचवतेय, म्हणाला.

"काढ बघू तो आवाज."

 मी काढला: "हितं सही ठोक गड्या, अन् सुटलास बघ."

गावभर फिरलेले शब्द हेच, हे बेडोला कळलं. त्यानं खिशातलं पत्र काढलं आणि चुलीत घातलं.

शनिवारच्या यादीत शेवटून दुसरं नाव त्याचं होतं. आज खरवडण्याचा नववा दिवस. कबुतरं घुमतात, आणि पैजेमुळं मला त्यांच्या आवाजात उत्तर देता येत नाही.