नावाड्याला कावळा शिवेना

रविवारी दुपारी घाटकोपरला माझ्या हॉलमध्ये आम्ही चौघं खेळतो. गोष्ट मी सांगते, बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यात जगतात, आणि काही अडलं की फासे टाकतात. फासे मेले निर्दयी! परवा त्यांनी आमचा म्हातारा नावाडी मारला. पुरात होडीसकट गेला.

तो मुलुंडच्या मित्राचा नावाडी. थेट मित्राच्या बाबांसारखा मालवणीत बोलायचा, शिव्यांसकट. बाबा गेल्या वर्षी गेले. हा तेव्हा कामासाठी बंगळुरूला होता, तिथून धावत निघाला, पण पोचला तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून नावाड्याच्या रूपाने बाबाच आमच्यात बसायचे. सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

"वाट लागली यार," म्हणत त्याने फासे पिशवीत भरले.

"नवीन कॅरेक्टर कर ना," एक मैत्रीण म्हणाली. मला असा राग आला!

"पात्रं म्हणजे काय कपडे आहेत का बदलायला? आणि तू रे, उठतोस कुठे? कावळा शिवायचाय अजून."

ही आमच्या खेळातली रीत. पात्र मेलं की बाकीच्यांनी त्याची राहिलेली इच्छा ओळखायची आणि वचन द्यायचं. खेळणारा 'शिवला' म्हणाला की पात्र सुटलं.

"तुझी होडी दुरुस्त करू." त्याने मान हलवून नाही म्हटलं. "तुझ्या नावाने सुरमई खाऊ." जरासा हसला, पण 'शिवला' काही म्हणाला नाही.

"अरे, मग म्हाताऱ्याला हवंय तरी काय?" मी वैतागले.

"मला काय माहीत? बाबांच्या वेळीही नाही शिवला. शेवटी दर्भाचा कावळा केला."

मग मी गोष्ट मागे नेली. पुराच्या आदल्या दिवशीची सकाळ, नावाडी जिवंत. अशा मागच्या गोष्टीत आम्ही फासे टाकत नाही. पुढचं मरण ठरलेलंच असतं, तिथे फक्त बोलायला जायचं.

"नावाड्याचा मुलगा शहरातून आलाय. मुलगा कोण होतंय?"

"मी," मित्र म्हणाला. "बाबा तू हो."

आली का पंचाईत! माझं मालवणी म्हणजे आनंदच. "जेवलंस काय रे?" मी सुरुवात केली. त्याने माझा हेल सुधारला. मग हळूच विचारलं, "बाबा, मी पोचायच्या आत तुम्ही गेलात तर?"

मी म्हातारा तसाच रेटला. "जातलंय तर जातलंय. तू वाटेर असतलंस, माका ठावक असतला."

हेल पुन्हा चुकला होता. या वेळी त्याने सुधारला नाही. "शिवला," एवढंच म्हणाला, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडला.