ऊन ओळखणारी बाई

देवळीच्या पलीकडे सहा किलोमीटरवर एका गावाच्या उपकेंद्रात दीपमालाबाईंनी एकतीस उन्हाळे काढले. त्या नर्स होत्या. बाळंतपणं, लशी, तापाच्या गोळ्या सगळं करत. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते उन्हासाठी. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसकडे सरकला की माणसं त्यांच्याकडे मोटरसायकलवर मधे बसवून आणली जात, कधी खाटेवर घालून. बाई पापणी ओढून पाहत, कपाळाला हाताची मागची बाजू लावत आणि सांगत, ऊन लागलं. मग ओल्या चादरी, साखर-मिठाचं पाणी, कैरीचं पन्हं, बंद खिडक्या. संध्याकाळपर्यंत माणूस उठून बसे. बाकी रोगांसाठी वर्धा आहे, उन्हासाठी बाई आहे, असं लोक बोलत. बाईंना ते आवडे.

एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकच गेली. धुरपता, नत्थूची बायको. बारा वर्षांपूर्वी कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या कामावरून अकराच्या सुमाराला आली, अंग तापलेलं, दोनदा ओकली. बाईंनी तिला खाटेवर निजवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, पन्हं पाजलं आणि दोन तासांनी घरी पाठवली, आठ दिवस उन्हात निघू नको म्हणून बजावून. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला नेताना ती रस्त्यातच संपली. ऊन लागून गेली, असं बाई म्हणाल्या, डॉक्टरांनीही मान हलवली, गावानं मानलं. नत्थूनं मात्र त्या दिवसापासून डोक्याला दुपट्टा बांधणं सोडलं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर तो पहारेकरी होता. भर दुपारी उघड्या डोक्यानं खुर्ची टाकून उन्हात बसून राही. जिनिंगमधले हमाल त्याची टर उडवत, नत्थूभाऊनं उनासंगं सोयरीक केली. बाईंना वाटे, दुःख असं कुठंतरी चिकटून बसतंच.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी बाई निवृत्त झाल्या. शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, दोघीतिघी रडल्या. पंधरा दिवसांनी त्यांनी मुलाला, रत्नदीपला, नागपूरला फोन करून सांगितलं की मी हिमाचलात स्पितीला जाते आहे, एकटी.

"एकटी काऊन जाऊन राह्यली? ग्रुपसंगं जा ना," तो म्हणाला.

ग्रुपसंगं त्या जन्मभर गेल्या होत्या. दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर, दोनदा बोधगयेला. पस्तीस माणसं, एक बस, पिठाचं पोतं, स्टोव्ह. आणि बसमध्ये कोणाला मळमळलं, कोणाचा पाय मुरगळला की हाक त्यांनाच. बोधगयेला त्या बोधिवृक्षाखाली डोळे मिटून बसल्या होत्या तेव्हासुद्धा एका मावशींनी खांदा हलवून जुलाबाची गोळी मागितली होती. बाईंचे वडील चिंधूजी मजुरी करत. त्यांनी एका जुन्या कॅलेंडरातलं चित्र कापून भिंतीला लावलं होतं. उजाड मातकट डोंगर आणि त्याच्या कडेला चिकटलेला पांढरा विहार. हेबी आपलंच, ते म्हणत. तिथं जायचं आणि कोणाची नर्स व्हायचं नाही, एवढंच बाईंच्या मनात होतं. हे मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. ग्रुप मिळाला नाही, असं त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी ऊन लागू नये म्हणून बॅगेत चार कांदे टाकले. वर्ध्यात जूनमध्येही कांदा घेतल्याशिवाय घराबाहेर कोण निघतं?

मनालीत औषधाच्या दुकानदारानं त्यांचं वय आणि त्या कुठं चालल्या ते पाहून एक गोळी सुचवली, उंचीवर बरी पडते म्हणून. बाईंनी पाकीट उलटून नाव वाचलं. काचबिंदूच्या म्हाताऱ्यांना देतात ती. लघवी सुटते तिनं. उन्हातान्हात जाणाऱ्या माणसाला अंगातलं पाणी काढणारी गोळी देतो हा, असं वाटून त्यांना त्याची कीव आली. पाकीट त्यांनी परत केलं.

शेअर जीप पहाटे सुटली आणि दिवसभर दगडाधोंड्यांतून चढत राहिली. खिंडीत सगळे उतरून फोटो काढत होते. वारा थंडगार होता. पण ऊन असं की गालाला चटके बसत होते. इतकं पांढरं ऊन बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दुपट्टा ओढून तोंडाला गुंडाळला, एक कांदा कुर्त्याच्या खिशात ठेवला. स्पितीतल्या काझाला जीप थांबली तेव्हा त्यांचं डोकं दुखत होतं. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून सगळ्यांनी तिथं दोन दिवस काढायचं ठरवलं. बाई दुसऱ्याच सकाळी वरच्या गावात गेल्या, कारण पांढरा विहार तिथं होता.

ज्या घरात त्यांनी खोली घेतली त्याच्या खिडकीतून तो दिसे. डोंगराच्या कडेला, चित्रातल्यासारखाच. पायवाटेनं फार तर वीस मिनिटं. त्या निघाल्या आणि चाळीस पावलांवर बसल्या. कपाळात कोणी खुंटी ठोकत होतं. अन्नाचा वास नको झाला. दुपारी त्या ओकल्या.

त्यांनी कपाळाला हाताची मागची बाजू लावली. स्वतःच्याच. मग खोलीचे पडदे ओढले, फडकं भिजवून डोक्यावर ठेवलं, साखर-मिठाचं पाणी केलं आणि निजून राहिल्या. घरधनीण तिशीची, गालांवर लाल चट्टे असलेली बाई, तिनं दारात उभं राहून हिंदीत विचारलं. काही नाही, ऊन लागलंय, उद्यापर्यंत उतरेल, बाईंनी सांगितलं. ती बराच वेळ त्यांच्या डोक्यावरच्या ओल्या फडक्याकडे बघत राहिली. जुलै-ऑगस्टमध्येही अंगावर लोकर घालणाऱ्या त्या बाईला ऊन लागणं म्हणजे काय ते कळणार नव्हतं, आणि दीपमालाबाईंना तिची नजर कळली नाही.

दुसऱ्या दिवशी उतरलं नाही. फडकं बर्फासारखं थंड, हाताची बोटं निळसर, आणि डोक्यातला ठोका मात्र चालूच. बाई तरीही हट्टानं निजून होत्या. ऊन असंच असतं, त्यांना माहीत होतं. माणसाला हलवायचं नाही, सावलीत पडू द्यायचं. एकतीस वर्षांचा अनुभव. तिसऱ्या सकाळी बॅगेची नाडी बांधायला गेल्या तर गाठ बसेना. नाडीची दोन टोकं हातात घेऊन त्या किती वेळ बसल्या होत्या, त्यांनाच कळलं नाही.

घरधनिणीनं त्यांना धरून उभं केलं. सतरंजीच्या किनारीवरून सरळ चालून दाखवा म्हणाली. बाई दोन पावलं चालल्या आणि भिंतीवर कलंडल्या.

"आंटी, ये धूप नहीं है," ती म्हणाली. "यहाँ लेटे लेटे लोग मर जाते हैं. नीचे चलो."

तिच्या नवऱ्यानं गाडी काढली. बाईंना मागच्या सीटवर आडवं केलं. वळणावर पांढरा विहार एकदा दिसला, मग गेला. त्यांनी मान वळवली नाही. वळवता येत होती, तरी.

काझाच्या दवाखान्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. उंचीचा त्रास, असं म्हणून तिथला तरुण डॉक्टर फॉर्म भरू लागला. डोकं किती दिवसांपासून दुखतंय, त्यानं विचारलं.

तीन दिवस, बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

हे शब्द त्यांनी कुठंतरी ऐकले होते. उपकेंद्राच्या खाटेवर, अकराच्या सुमाराला. बाई, तीन दिवसापासून डोकं ठणकून राह्यलं. मान नाई वाकत. धुरपता हेच म्हणाली होती. बाई तेव्हा फडकं पिळत होत्या. डोक्यावरून पऱ्हाट्यांचे भारे वाहणाऱ्या बाईची मान आखडणारच, असं त्यांना वाटलं होतं. वाटलं होतं असंही नाही, ते कानावरून गेलं होतं. आणि त्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. तीन दिवस आभाळ होतं. ऊन नव्हतंच फार. ताप, ओकारी, आखडलेली मान: ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात ते. मेंदूज्वराची बाई त्यांनी पन्हं पाजून घरी पाठवली होती.

ऑक्सिजनची नळी खुळखुळत होती. डॉक्टरनं विचारलं, आणखी काही? नाही, त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर रत्नदीपनं फोटो मागितले. खिंडीतला एक होता, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, ओळखू न येणारा. शेजारणी बसायला आल्या, विहार कसा होता विचारू लागल्या. छान होता, बाई म्हणाल्या. पावसाळा गेला. कोणी चक्कर येऊन पडलं की लोक अजूनही त्यांच्याकडे येत. बाई त्यांना वर्ध्याला पाठवत. म्हाताऱ्या झाल्या, लोक म्हणाले.

नत्थूकडे जायचं त्या रोज ठरवत आणि रोज काही ना काही निघे. शेवटी ऑक्टोबरच्या उन्हात गेल्या. जिनिंग सुरू झालं होतं, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. नत्थू उघड्या डोक्यानं खुर्चीवर बसला होता, मान करपून काळी झालेली. बाईंना पाहून तो उठला, खुर्ची त्यांना दिली, आपण उभा राहिला. बाई बसल्या नाहीत. त्यांनी सांगून टाकलं. मधे थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

नत्थूनं सगळं ऐकलं. मग तो गाडीवाल्यांकडे बघू लागला.

"त्या दिवशी धुरपता कामावर जाले नाई म्हणत होती," तो म्हणाला. "डोकं दुखते म्हणे. मीच जबरीनं धाडलं. आभाळ आहे, ऊन नाई, जाय म्हणलं."

"तुमचा दोष नोता नत्थूभाऊ. तेच सांगाले आली. उनानं नाई गेली ते."

"मंग वाचली असती?"

बाईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"तवाच वर्ध्याले धाडलं असतं तं, वाचली असती कदाचित."

नत्थूनं मान हलवली. हमालांची कसली तरी थट्टा चालली होती, कोणीतरी त्याला हाक मारली, त्यानं ओ दिली नाही.

"बारा वर्सं मी उनाले भांडून राह्यलो, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ते बरं होतं. आता कोनाले भांडू? तुमाले? तुमी तं माह्या पोरीचं बाळंतपन केलं."

मग त्यानं खुर्ची उचलली आणि जिनिंगच्या टिनाच्या छपराखाली नेऊन ठेवली. पाठ करून बसला. खिशातून रुमाल काढून कपाळावरून, मानेवरून फिरवला, हळूहळू, सवय नसल्यासारखा.

फाटकाशी दीपमालाबाई उभ्या होत्या. कांदा आणायचा राहून गेला होता, दुपट्टाही खांद्यावरच होता. तो डोक्यावर ओढून घ्यावा असं त्यांना वाटलं नाही. गाड्या एकेक पुढे सरकत होत्या, आणि त्या तिथंच, भर उन्हात.