वाट बघणारा पडदा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते फुलंब्रीच्या माझ्या आक्काचे. मी बोलताना अडखळतो. लोक माझी वाक्यं स्वतःच पुरी करतात. आक्का कधीच करत नाही.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला एक दिवस उरला होता आणि मला तोंड उघडायचीच भीती वाटत होती. त्या दिवशी शहरात पैठण गेटजवळ कॉम्प्युटरच्या एका दुकानात शिरलो, तर दाढीवाला दुकानदार दोन स्क्रीनवर मोटारींचा एकच गेम दाखवत होता. गर्दीच्या वळणावर एका स्क्रीनवरची गाडी मधोमध चिरल्यासारखी दिसली. दुसरीवर ती अखंड होती.

मी विचारलं, "हे क... क... कसं?"

माऊसवरचं बोट तसंच ठेवून, माझं बोलणं संपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "भाई, कॉम्प्युटरला चित्र बनवायला कधी कमी येळ लागतो, कधी जास्त. ही पहिली स्क्रीन लई उतावळी. ठरल्या टायमाला अर्धंमुर्धं दाखवून मोकळी. ही दुसरी चित्र पुरं व्हायची वाट बघती. चित्र लवकर आलं तर ही बी लगेच दाखवती."

मी ते वळण पुन्हा पुन्हा बघत राहिलो. डोळ्याला कळणारही नाही एवढ्याशा क्षणापुरती ती दुसरी स्क्रीन थांबत होती!

आक्काला फोनपेक्षा पत्र आवडतं. त्याच संध्याकाळी लिहिलं:

"आक्का, तुझ्यासारखा थांबणारा पडदा आज पाहिला. उद्या मी शब्द गिळणार नाही. लागेल तेवढा वेळ घेईन, पण माझं वाक्य मीच पुरं करीन."