थोरलीने बदलून घेतलेला डबा

अपोंडीने सवत कधीच पचवली होती. सवतीचा श्वास मात्र तिला पचेना.

सरोवरातल्या रुसिंगा बेटाच्या काठावर मासे धुरी देऊन वाळवणाऱ्या बायकांत अपोंडीचा दरारा होता. नवरा ओगुतू, आणि त्याच्या घरात ती पहिली आलेली, म्हणजे मिकाय, थोरली बायको. शेतात पहिलं बी तिने टाकायचं, पहिलं कणीस तिने मोडायचं, चारचौघांत पहिला शब्द तिचा. तिने तोंड उघडल्याशिवाय धाकटी आमोलो हूं की चूं करायची नाही. सतरा वर्षं हे असंच चालत आलेलं, आणि अपोंडीला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. कशाला दिसेल?

तर झालं असं, की दवाखान्यातली नेरेया सिस्टर एक नळी घेऊन आली. नळीत जोर लावून फुंकायचं, की काटा सरकतो आणि छातीत किती दम आहे ते कळतं. काठावरच्या भट्ट्या पेटवायला टायरचे तुकडे, फाटक्या पिशव्या, मोडक्या होड्यांच्या रंगवलेल्या फळ्या, मिळेल ते घालतात. त्यामुळे न खोकणारी बाई तिथे औषधालाही सापडायची नाही. बोटांचे सांधे सुजतात ते वेगळंच. अपोंडीने फुंकलं, आकडा आला दोनशे दहा. आमोलोचाही दोनशे दहाच.

नेरेया म्हणाली, "धूर आत गेला की आतून सूज येते. खाण्यातल्या कुठल्या चरबीने ती उतरते आणि कुठल्या चरबीने भडकते, एवढंच बघायचंय. चार महिने निम्म्या जणींनी हे तेल खायचं, निम्म्यांनी ओमेना. थोरल्यांची एक चिठ्ठी, धाकट्यांची एक, निघेल तसं."

ओमेना म्हणजे करंगळीएवढी चंदेरी मासळी. ज्याला दुसरं काही परवडत नाही तो ती खातो, बाकीची कोंबड्यांना. आणि चिठ्ठी निघाली नेमकी नको तशी. थोरल्यांना ओमेनाची पिशवी, धाकट्यांना मक्याच्या तेलाचा पिवळाधमक डबा!

अपोंडीच्या अंगाचा तिळपापड झाला. सिस्टरपुढे तिने ओठ दाबले, पण कुंपणाच्या आत पाऊल पडताच वळली.

"आण इकडे तो डबा."

"पण थोरल्याबाई, सिस्टर म्हणाली, जिचं तिनेच..."

"सिस्टर या घरात नांदायला आलीय का? मी मिकाय असताना तू तेलात तळणार आणि मी कोंबड्यांचं खाणार? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

आमोलोने डबा दिला, पिशवी घेतली. वाद घालणं तिच्या रक्तातच नव्हतं.

मग काय विचारता! अपोंडीच्या घरी रोज कढई. आज मांस काढून उरलेले माशांचे सांगाडे, उद्या मांदाझीचे गोड वडे, परवा पुन्हा सांगाडे, आणि तेच तेल काळं पडेपर्यंत. धाकटीकडे टोमॅटो घातलेली ओमेना आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, सकाळ-संध्याकाळ.

पहिल्या महिन्यात आमोलोचा आकडा दोनशे तीस झाला. दुसऱ्यात अडीचशे. तिसऱ्यात काटा दोनशे ऐंशीवर, आणि बोटांची सूज अशी उतरली की अडकून बसलेली अंगठी निघायला लागली. अपोंडी दोनशे दहावर खिळलेली, मग दोनशे पाचवर. बाईचा नुसता जळफळाट! नवऱ्यावरून ती कधी इतकी जळली नव्हती. धाकटी एका फुंकरीत भट्टी पेटवायची, वर गुणगुणायची, आणि ही बाजूला पत्र्याने वारा घालत बसायची.

"ओगुतूने गुपचूप औषध आणून दिलंय ना तुला? खरं सांग."

"आईशपथ नाही हो. तुम्ही दिलीत तीच ओमेना खाते."

"ओमेनाने माणसं फुलतात होय? मग आमच्या कोंबड्या नळी फुंकतील उद्या!"

आमोलोला हसू आलं. ते तर थोरलीच्या जास्तच जिव्हारी लागलं.

चौथ्या महिन्यात आमोलो तीनशेवर पोचली. नेरेयाने सगळ्यांना उंबराच्या झाडाखाली बोलावून कागद वाचला.

"नवलच आहे, बायांनो. ओमेनावाल्यांचा आकडा हललाही नाही. तेलवाल्यांचा चढला. तेव्हा पुढच्या महिन्यापासून ओमेना बंद. सगळ्यांना तेल."

बरी जिरली धाकटीची, हाच अपोंडीच्या मनात आलेला पहिला विचार. मग तिने इकडेतिकडे पाहिलं. पुढे बसलेल्या सगळ्या थोरल्या जमिनीत डोळे घालून होत्या. मागे सगळ्या धाकट्या गप्प. म्हणजे घरोघरी तेच झालं होतं! एकूण एक मिकायने डबा बदलून घेतला होता, आणि कागदावर सगळं उलटं उतरलं होतं.

आता काय? गप्प राहिलं तर मान शाबूत, आणि छाती आहे तशीच, घरघरणारी. ओमेना कायमची गेली. थोरल्या बोलल्याशिवाय धाकट्या बोलणार नाहीत, आणि थोरल्यांतली एक तरी बोलेल असं दिसत नव्हतं.

अपोंडी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सिस्टर, खोड ते."

"काय खोडू?"

"माझी ओमेना हिने खाल्ली. हिचं तेल मी. तो तीनशेचा आकडा..." तिची जीभ अडखळली. सवतीचं कौतुक स्वतःच्या तोंडाने, तेही सगळ्या काठासमोर! "तो तीनशे ओमेनाचा आहे. लिही."

मग शेजारच्या वाडीतली थोरली जमिनीकडे बघतच पुटपुटली, "आमच्याकडेही तसंच." मग आणखी एक. मग चौघी एकदम. नेरेयाने कपाळावर हात मारला.

"अगं बायांनो, चार महिने! एकीला तरी तोंड होतं की नाही?"

घरी आल्यावर आमोलो वाडगं घेऊन थोरलीच्या दारात उभी राहिली. रस्स्यातली ओमेना, वाफाळलेली.

"थोरल्याबाई, नवी पिशवी येईपर्यंत माझ्यातली घ्या थोडी."

"तुझ्यातली?" अपोंडी खेकसली. "माझीच होती ती."

एवढं बोलायलाही तिला मध्ये दोनदा दम घ्यावा लागला.