कॉम्प्युटरला कोणी हात लावला

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळ्यात आधी पडदे शिवले गेले. पोरांना काय शिकवायचं, कोण शिकवणार, कोणत्या भाषेत, हे सगळं मागून. आधी पडदे. मग सतरंजी. मग दारावर पाटी, की जोडे-चपला बाहेर काढा. आमचे प्राचार्य, त्यांना सगळे बडे सर म्हणत, रोज सकाळी त्या खोलीचं कुलूप स्वतः काढायचे, आत उदबत्ती लावायचे आणि पुन्हा कुलूप ठोकून चावी खिशात टाकायचे. मी एकदा म्हटलं, "सर, ही मशीन शिकवायला आली का दर्शनाला?" ते हसले. मी काही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी राहायची मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला आणि गणित शिकवायला रोज बसनं सौंसरला जायची. त्या उन्हाळ्यात मला कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला जबलपूरला पाठवलं. माझ्या हुशारीमुळे नाही. पुरुष मास्तरांपैकी कोणी जायला तयार नव्हतं, सगळ्यांच्या घरी लग्नं होती. बरं झालं! मी जीव लावून शिकले. मशीनला हुकूम कसे लिहायचे ते शिकले, आणि तुमच्या गावाकडे मेकॅनिक काही लवकर पोचणार नाही, असं तिथल्या मास्तरांनी सांगितलं म्हणून झाकण उघडून आतली धूळ कशी काढायची, तेही शिकले.

वरून एक पुस्तिका आली होती, हिंदीत. तिच्यात उदाहरणं काय, तर विमानाचं तिकीट कसं काढायचं आणि बँकेच्या मॅनेजरनं हिशेब कसा ठेवायचा. आमच्या पोरांनी विमान पाहिलं होतं, पण ते मान वर करून. मी ती पुस्तिका बाजूला ठेवली आणि नववीसाठी आपला वेगळा अभ्यासक्रम बांधायला बसले. त्यावर पहिलं भांडण. बडे सरांचं म्हणणं, कॉम्प्युटर फक्त हिंदी माध्यमाच्या पोरांना शिकवायचा. मराठी माध्यमातली पोरं खेड्यांतली, त्यांना काय करायचं? मी म्हटलं, दोन्ही वर्ग बसतील, आणि नुसते पाहायला नाही बसणार. प्रत्येकाचा हात बटनावर पडला पाहिजे. दुसऱ्याची सायकल पाहून कोणाला सायकल येते का? खूप तोंड वाजवावं लागलं तेव्हा कुठे ते म्हणाले, "बघा बाप्पा करून. पण जबाबदारी तुमची."

पहिला धडा मी मशीनवर घेतलाच नाही. ग्राउंडवर संत्र्यांचा ढीग ओतला आणि पोरांना म्हटलं, एक एक उचला, मोठा असला तर इकडे, नाही तर तिकडे, ढीग संपेपर्यंत. आमच्याकडच्या पोरांना हे काय सांगावं लागते? पाळण्यातून उतरली की संत्रेच निवडतात ती. काम झाल्यावर मी सांगितलं, आत्ता तुम्ही जे केलं ना, तेच मशीनला सांगायचं, बाकी काही जादू नाही. तेवढ्यात मराठी माध्यमातली एक पोट्टी उभी झाली. "बाई, आन् सडका निंगाला तं? तुमच्या दोन ढिगांत त्याले जागाच नाई."

खरंच नव्हती. मी तिथल्या तिथे तिसरा ढीग करायला लावला.

ती पोर रामाकोन्याची. बौद्ध मोहल्ल्यातली, मायबाप दुसऱ्याच्या बगिच्यात मजुरीला. छोट्या रेल्वेनं यायची, आणि गाडीला उशीर झाला की धापा टाकत पळत यायची, पण कॉम्प्युटरच्या तासाला कधी चुकली नाही. बोलायची कमी आणि विचारायची नेमकं. तिची पाळी आली की ती एका एका बटनाचं अक्षर मनात म्हणून मगच दाबायची. बाकीची पोरं चिडायची, "लवकर कर ना वो, आमाले बी बसाचं आहे." ती ढिम्म. मला फार आवडायची ती, लपवून काय करायचं? मी मनाशी ठरवलं होतं, ही पोर गणित घेऊन पुढे जाईल आणि मी तिला ओढत नेईन.

दसऱ्याच्या सुट्टीआधी शेवटच्या तासाला तिचीच पाळी होती. संत्र्याचा प्रोग्राम अर्धा झाला आणि घंटा वाजली. मी स्वतः मशीन बंद केली, स्वतः वरून कापड टाकलं. मशीन ठणठणीत होती, हे मी कुठेही शपथेवर सांगीन. दसऱ्याला तिचा सगळा मोहल्ला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तशी ती गेली. मी पांढुर्ण्याला माझ्या घरी. चावी बडे सरांच्या खिशात.

सुट्टी संपल्यावर मशीन लावली तर तिच्या काचेच्या पडद्यावर आपोआप इंग्रजी पी. पी पी पी पी. एक ओळ भरली, दुसरी भरली, थांबायचं नाव नाही. एक पोरगा म्हणाला, "बाई, मशीन पिपाणी वाजवून राहिली!" सगळा वर्ग हसला, मीही हसले. तो आवाज ऐकून बडे सर आले. पडदा पाहिला आणि पहिला प्रश्न काय, तर "शेवटी कोण बसलं होतं?"

पोरंच ती, खरं सांगितलं. बडे सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "हात दाखव." तिनं दोन्ही हात पुढे केले. सुट्टीत कापूस वेचला होता, बोटं चिरलेली होती. त्यांनी ते हात पाहिले, "हूं" केलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला, सगळ्या शाळेसमोर, माइकवर ते बोलले. "ज्यांच्या घरी धड दिवा लागत नाही, त्यांच्या हाती अशी मशीन दिली की हेच होते. काही वस्तूंना काही लोकांनी हात लावू नये. लांबूनच पाहावं." नाव घेतलं नाही. नाव कशाला घ्यावं लागते? सगळी मुंडकी एकदम तिच्याकडे वळली. हात लावू नये! कॉम्प्युटरबद्दल बोलत होते का विहिरीबद्दल, मला कळेना. त्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे शब्द नवे नव्हते. या पोरीच्या वाट्याला ते कॉम्प्युटरच्या नावानं आले. ती खाली पाहत उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रार्थना संपल्या संपल्या मी ऑफिसात शिरले. "मशीन उघडून पाहा, मग बोला."

"भोपाळवरून इंजिनिअर येईल, मॅडम. तो पाहील."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मराठीवाल्यांचा तास बंद."

"वा रे वा! पाहिलं नाही, तपासलं नाही, अन् शिक्षा आधी?" माझा आवाज चढला होता. बाहेर व्हरांड्यात दोन मास्तर थांबले, ते मला दिसत होते. एकही आत आला नाही. मी फिजिक्सच्या लॅबमधून स्क्रू काढायचा पेचकस आणला आणि टेबलावर हात आपटून म्हटलं, "चावी द्या. काही बिघडलं तर माझ्यावर लिहा."

चावी मिळाली. ते मागोमाग आले, चपला काढून. मी चपलेसकट आत गेले. मुद्दामच.

झाकण काढलं, बटनांची पट्टी उलटी करून वर्तमानपत्रावर ठोकली. तांदूळ पडले. कुंकवानं लाल झालेले तांदूळ. हळद. झेंडूची एक सुकलेली पाकळी. पी अक्षराच्या बटनाखाली दोन दाणे ओल्या कुंकवात असे चिकटले होते की नखानं खरवडून काढावे लागले. अक्षता! शिपाई दारातून पाहत होता, तो सहज बोलून गेला, "खांडेनवमीले सरांनीच तं पूजा केली, बाई. नारळ बी फोडला."

खांडेनवमीला माझ्याही घरी शिलाई मशीनला कुंकू लागते. विळ्याला लागते, भाजी चिरायच्या पावशीला लागते. मला पूजेचा राग नाही. पण शिलाई मशीनच्या सुईत कोणी मूठभर तांदूळ कोंबत नाही, आणि कोंबले तर दोरा तुटल्यावर शेजारच्या पोरीला बोल लावत नाही! मी ते वर्तमानपत्र उचललं आणि बडे सरांच्या नाकासमोर धरलं. "हे घ्या. हे रामाकोन्याहून आलं का?"

त्यांचा चेहरा उतरला असेल असं कोणाला वाटेल. अजिबात नाही. ते घाईनं पुढे आले आणि म्हणाले, "अहो मॅडम, फेकू नका, फेकू नका, पूजेच्या आहेत." मग खिशातून धुतलेला रुमाल काढला, एक एक दाणा वेचून त्यात बांधला आणि ऑफिससमोरच्या तुळशीत नेऊन ठेवला. हात जोडले. दोन शिळ्या दाण्यांचा केवढा मान! त्या पोरीसाठी मात्र त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मी म्हटलं, "उद्या प्रार्थनेला हे सांगा." ते म्हणाले, "बात संपली ना आता. मशीन सुरू झाली."

दुसऱ्या दिवशी माइकवर तेवढंच सांगितलं. मशीन सुरू झाली, टाळ्या वाजवा. पोरांनी वाजवल्या. ते बाजूला होताहेत तोच मी माइक धरला आणि म्हटलं, "मुलांनो, बटनांत पूजेचे तांदूळ अडकले होते. कोणत्याही मुलीच्या हातानं काही बिघडलं नव्हतं. काल जे बोललं गेलं ते खोटं होतं." मधल्या सुट्टीत मला खुलासा मागणारा कागद मिळाला. त्यावर मी जे लिहिलं, त्यानं माझी पुढची बढती कुठे अडकली ते मला ठाऊक आहे. त्याचं दुःख नाही. मला वाटलं, काम फत्ते. मराठीवाल्यांचा तास सुरू झाला, पोरीचं नाव साफ झालं. मी जिंकले, असंच मला वाटलं.

तिची पाळी आली. ती आली, चपला काढल्या आणि स्टुलाजवळ हात मागे बांधून उभी राहिली.

"बस ना गं."

"नाई बाई. तुम्ही दाबा. मी सांगतो."

"अगं, तुझं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांसमोर सांगितलं ना मी?"

"हाव बाई. मले मालूम आहे."

आणि ती सांगायला लागली. तिन्ही ढिगांचा सगळा प्रोग्राम, ओळ न ओळ, स्वल्पविरामासकट, कागद न पाहता. मी दाबत गेले. मशीननं मोठे संत्रे वेगळे काढले, लहान वेगळे काढले, सडके वेगळे काढले. वर्गानं टाळ्या पिटल्या. मला राहवलं नाही, मी तिचं मनगट धरलं आणि बटनाकडे नेलं. तिनं असा हिसका दिला की स्टूल आडवं झालं.

"जबरदस्ती नका करू, बाई. उद्या पुन्हा बिघडली, तं ते माह्या मायलेच बोलावतीन शाळेत."

वर्षभर तसंच चाललं. ती सांगायची, मी दाबायची. तिचा एक प्रोग्राम कधी चुकला नाही. मी ओरडून पाहिलं, लाडानं पाहिलं, खोलीत दोघीच असताना पाहिलं. तिचे हात मागेच.

वर्षाच्या शेवटी तपासणीला मोठे साहेब आले. त्यांना संत्र्याचा प्रोग्राम चालवून दाखवला. ते खुश झाले, म्हणाले, हे पुस्तकातलं नाही, हे कोणी बनवलं? बडे सर छाती काढून बोलले, "हमारी मॅडम ने, सर. मैंने खुद इन्हें टाइप करते देखा है।" मी ताडकन म्हटलं, "नाही साहेब. या मुलीनं बनवलं." साहेब तिच्याकडे वळले, चांगल्या मनानंच वळले. "अच्छा? बेटा, ज़रा करके दिखाओ।"

ती जागची हलली नाही. हात मागे, नजर सतरंजीवर. साहेबांनी थोडी वाट पाहिली. मग ते माझ्याकडे पाहून हसले, कौतुकानं, शिष्येला स्वतःचं श्रेय देणारी बाई म्हणून, आणि पुढच्या खोलीत गेले.